बायबल आणि कुराण ही जोडी आपण मुळातच चुकीची लावतो का?

पानगळ:

नमस्कार. गेले काही महिने मी आणि माझे दोन मित्र, एक ख्रिस्ती आणि एक मुस्लिम, आठवड्यातून एकदा बसून धर्मग्रंथ वाचतो. मी स्वतः या दोन्ही परंपरांबाहेरचा आहे, त्यामुळे माझी भूमिका बहुतेक वेळा ऐकण्याचीच असते. मागच्या बैठकीत आम्ही नव्या करारातील मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रकथनाच्या, शेवटाशी आलो. सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासून पुढची बारा वचने आमच्या प्रतीत चौकटी कंसात छापलेली होती आणि खाली तळटीप होती की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग आढळत नाही. ख्रिस्ती मित्राने ती टीप शांतपणे वाचून दाखवली आणि पान उलटले. मुस्लिम मित्र मात्र अवाक झाला. "बारा वचने मागाहून कोणीतरी जोडली असावीत, असे तुमच्या ग्रंथातच छापलेले आहे, आणि तुला त्याचे काहीच वाटत नाही?" असे त्याने विचारले. त्यावर उत्तर आले, "माझा विश्वास येशूवर आहे, त्या बारा वचनांवर नाही."

थोड्या वेळाने उलट बाजूने तसेच घडले. कुराणातील एका सूरेवर, म्हणजे अध्यायावर, बोलताना ख्रिस्ती मित्राने विचारले की ही सूरा रचताना प्रेषित मुहम्मद यांची मनःस्थिती कशी असेल आणि तिचा भाषेवर काय परिणाम झाला असेल. मुस्लिम मित्र रागावला नाही, पण हा प्रश्न कुराणाला लागूच होत नाही, एवढेच म्हणाला.

दोघेही आपापल्या ग्रंथाला ईश्वराचे वचन म्हणतात, आणि दोघेही सश्रद्ध आहेत. मग ग्रंथाकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत एवढे अंतर का पडते? एकाची श्रद्धा सैल आणि दुसऱ्याची कडक, हे सोपे उत्तर मला पटत नाही. जाणकारांनी लिहावे.

शब्दवेध:

आपण अंतर अचूक टिपले आहे. मात्र त्याचे मूळ श्रद्धेच्या कमी-अधिकपणात नसून दोन्ही धर्मांच्या रचनेत आहे. ख्रिस्ती लोकांचे बायबल, मुस्लिमांचे कुराण, अशी जोडी आपण सवयीने लावतो. कॅनेडियन धर्माभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी ही जोडी दिशाभूल करते असे दाखवून दिले. त्यांचे म्हणणे असे की इस्लाममध्ये कुराणाचे जे स्थान आहे, त्याच्या जवळ जाणारे ख्रिस्ती धर्मातील स्थान बायबलचे नाही, ते स्वतः ख्रिस्ताचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय सांगतो की आरंभी शब्द होता, तो शब्द देव होता आणि तोच देहधारी झाला. म्हणजे ख्रिस्ती धारणेनुसार ईश्वराचा शब्द मनुष्य होऊन आला. नवा करार ही त्या मनुष्याविषयी माणसांनी दिलेली साक्ष आहे. इस्लामी धारणेनुसार ईश्वराचा शब्द अरबी वाणी होऊन आला; प्रेषित मुहम्मद हे ती वाणी स्वीकारणारे आणि पोहोचवणारे आहेत.

हा फरक ग्रंथांच्या पानापानावर दिसतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सरळ सांगतो की या घटनांविषयी अनेकांनी लिहिले आहे, मीही सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन त्या क्रमवार लिहीत आहे. हा बोलणारा माणूस लेखक आहे आणि लेखक असण्याचा त्याला संकोच नाही. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र त्याहून गंमतीचे आहे. मी क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा केला नाही, असे तो ठासून लिहितो. मग त्याला स्तेफनाच्या घरच्यांची आठवण होते, तीही तो नोंदवतो आणि वर म्हणतो की याखेरीज आणखी कोणाचा केल्याचे मला आठवत नाही. पवित्र शास्त्रातच लेखकाची विस्मृती नोंदलेली आहे, आणि दोन हजार वर्षे ती तशीच वाचली जात आहे. याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो "हे प्रभू नाही, मी सांगतो" असेही बजावतो.

कुराणात असे वाक्य येऊच शकत नाही, कारण तिथे बोलणारा निराळा आहे. "कुल", म्हणजे "सांग", ही आज्ञा कुराणात तीनशेहून अधिक वेळा येते, आणि ती प्रेषितांना उद्देशून आहे. ऐंशीव्या सूरेचा आरंभ पाहा. एक अंध मनुष्य काही विचारायला आला असता, प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतलेल्या व्यक्तीने कपाळाला आठ्या घालून तोंड फिरवले, याबद्दल तिथे कानउघाडणी आहे. बहुसंख्य सुन्नी भाष्यकार ही कानउघाडणी खुद्द प्रेषितांना उद्देशून आहे असे मानतात. शिया भाष्यकारांपैकी पुष्कळांचे मत तसे नाही. सुन्नी वाचन घेतले तर चित्र स्पष्ट होते: ज्याच्या मुखातून वाणी येते, त्यालाच ती वाणी बोल लावते. आपल्या ख्रिस्ती मित्राने "रचताना मनःस्थिती कशी असेल" असे विचारले तेव्हा त्याने नकळत प्रेषितांना लूकच्या जागी बसवले. मुस्लिम मित्राला प्रश्न लागू वाटला नाही, तो यामुळे.

मग बायबलची जोडी इस्लाममध्ये कशाशी लावावी? प्रकाराच्या दृष्टीने शुभवर्तमाने हदीसच्या अधिक जवळची आहेत. प्रेषित काय म्हणाले, कसे वागले, हे कोणी पाहिले, कोणी कोणाला सांगितले, याची साखळी हदीसमध्ये असते; तिला इस्नाद म्हणतात. त्या साखळीतील प्रत्येक दुव्याची पारख करून एखादी हदीस सहीह (विश्वसनीय) आहे, कमकुवत आहे की बनावट आहे, हे मुस्लिम विद्वान शतकानुशतके ठरवत आले आहेत. बुखारी यांचे नाव या कामासाठीच घेतले जाते. म्हणजे चिकित्सा मुस्लिम परंपरेला परकी नाही. मार्कची बारा वचने "मागाहूनची" म्हणताना ख्रिस्ती संशोधक जे करतो, त्याच्याशी नाते सांगणारे काम मुस्लिम विद्वान हदीसच्या बाबतीत करतो. ही जोडीही काटेकोर बसत नाही, कारण शुभवर्तमान उपासनेत वाचले जाते आणि नमाजात हदीस पठण केली जात नाही. तरीही बायबल आणि कुराण या जोडीपेक्षा ती कमी फसवी आहे.

आता मला स्वतःला ज्या गोष्टीने या विषयाकडे खेचले ती सांगतो. इसवी सन ३२५ मध्ये निकीया येथे ख्रिस्ती बिशपांची परिषद भरली. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला, तरी तो पित्याने निर्माण केलेलाच आहे. परिषदेने निर्णय दिला की पुत्र निर्मित नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. पाचशे वर्षांनंतर, ८३३ मध्ये, खलिफा मामून याने काझी आणि हदीसतज्ज्ञ यांची चौकशी सुरू केली. प्रश्न एकच होता: कुराण निर्मित आहे की अनिर्मित? मामूनच्या पाठीशी मुअतझिली विचारवंतांची भूमिका होती. ईश्वरासोबत आणखी काही अनादी मानले तर ईश्वराच्या एकत्वाला बाधा येते, म्हणून कुराण निर्मितच असले पाहिजे, असे ते म्हणत. अहमद इब्न हंबल यांनी तसे म्हणण्यास नकार दिला. त्यांना तुरुंगवास घडला आणि पुढचा खलिफा मुअतसिम याच्या काळात फटकेही खावे लागले. मुतवक्किलच्या काळात हे धोरण सोडून देण्यात आले आणि कुराण अनिर्मित आहे ही भूमिका सुन्नी परंपरेत स्थिरावली.

या चौकशीच्या वेळी मामूनने धाडलेल्या पत्रात एक युक्तिवाद असा आहे की जे कुराणाला अनिर्मित म्हणतात ते येशूला ईश्वराचा शब्द म्हणून अनिर्मित ठरवणाऱ्या ख्रिस्ती लोकांसारखेच बोलत आहेत. म्हणजे या दोन वादांचे साम्य आजच्या अभ्यासकांनी ओढूनताणून आणलेले नाही. नवव्या शतकातच ते एका खलिफाच्या नजरेला आले होते, आणि त्याने ते हत्यार म्हणून वापरले.

दुर्बीण:

शब्दवेध यांचे विवेचन मोलाचे आहे, पण ते वाचून असा ग्रह होण्याची भीती वाटते की सगळेच ख्रिस्ती लोक मार्कची तळटीप वाचून निर्विकारपणे पान उलटतात. तसे नाही. ख्रिस्ती जगात ग्रंथाविषयी एकच वृत्ती कधीच नव्हती.

निकीया-कॉन्स्टँटिनोपलचा जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, आजही अनेक चर्चेसमध्ये म्हटला जातो, त्यात पिता, पुत्र, पवित्र आत्मा, चर्च, बाप्तिस्मा आणि पुनरुत्थान यांची कबुली आहे. शास्त्राप्रमाणे ख्रिस्त उठला, आत्मा संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, असे उल्लेख आहेत. परंतु "मी बायबलवर विश्वास ठेवतो" असे कलम त्यात नाही. एवढ्यावर थांबलो तर आपल्या मित्राचे उत्तर संपूर्ण ख्रिस्ती धर्माचे उत्तर ठरेल. पण धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांनी पोप आणि परिषदा यांचा अधिकार नाकारला, आणि मग अधिकाराची सारी भिस्त ग्रंथावर आली. वेस्टमिन्स्टर येथे १६४६ मध्ये तयार झालेल्या विश्वासघोषणेचा पहिलाच अध्याय पवित्र शास्त्राविषयी आहे. ईश्वराविषयीचा अध्याय त्यानंतर येतो. हा क्रम मला बोलका वाटतो. पुढे १९७८ मध्ये शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी बायबलच्या निर्दोषत्वाविषयी निवेदन काढले. मात्र त्यांनीही हे निर्दोषत्व मूळ लेखकांच्या हातच्या प्रतींपुरते मानले, आणि त्या मूळ प्रती आज अस्तित्वात नाहीत. म्हणजे अगदी कडव्या भूमिकेतही हस्तलिखितांच्या चिकित्सेला जागा उरतेच.

याच्या उलट टोकाला खुद्द मार्टिन ल्यूथर आहे. "केवळ शास्त्र" ही घोषणा ज्याच्या नावाशी जोडली जाते, त्यानेच १५२२ च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले, कारण ख्रिस्ताचे शुभवर्तमान त्यात त्याला पुरेसे दिसले नाही. त्याने ते पत्र ग्रंथातून काढले नाही, पण शेवटी सरकवले. ख्रिस्त हा मापदंड आणि ग्रंथातील पुस्तके त्यावर घासून पाहायची, ही वृत्ती इथे उघड दिसते. एखाद्या मुस्लिम विद्वानाने एखाद्या सूरेविषयी असे उद्गार काढल्याची कल्पना करून पाहावी. त्याला इस्लामच्या चौकटीत उभेच राहता येणार नाही.

कॅथलिक परंपरा तिसऱ्याच वाटेने जाते. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा या दोन्हींचा समान आदराने स्वीकार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात देव माणसांच्या द्वारे माणसांच्या रीतीने बोलला असल्यामुळे लेखकाचा हेतू आणि त्याच्या काळातील लेखनप्रकार यांचा शोध घेतला पाहिजे, असे म्हटले आहे. आपल्या मित्राने मनःस्थितीचा प्रश्न विचारला तो याच सवयीतून.

आणि अनुक्रमणिकेचा प्रश्न राहिलाच. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. नव्या कराराची आजची २७ पुस्तके, तेवढीच आणि तीच, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ मधील पत्रात प्रथम एकत्र मोजलेली दिसतात. ही यादी माणसांच्या समुदायाने, वाद घालत, ठरवली आहे. कुराणाच्या ११४ सूरांच्या बाबतीत असा वाद आज नाही. इतर बाबतींत एवढे मतभेद असूनही शिया आणि सुन्नी एकच कुराण वाचतात.

अलिफ:

मी मुस्लिम आहे, आणि वरील चर्चा आदराने चालली आहे याचा आनंद वाटतो. विद्वान म्हणून नाही, वाचक म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आपण सर्वजण "ग्रंथ", "मजकूर", "पान" असे बोलत आहात, पण कुराण या शब्दाचा अर्थच पठण असा आहे. ते आधी कानावर येते. लहानपणी मी शेवटच्या छोट्या सूरा पाठ केल्या तेव्हा त्यांचा अर्थ मला कळत नव्हता, आणि तरीही मला काही मिळाले नाही असे मी आजही म्हणणार नाही. कोणते अक्षर कंठातून यावे, कोठे किती थांबावे, याचे तजवीद नावाचे स्वतंत्र शास्त्र आहे. म्हणून अनुवादाबाबत आमची भूमिका ख्रिस्ती मित्रांना विचित्र वाटते. अनुवाद वाचावा, पण तो अर्थ झाला, कुराण झाले नाही. नमाजात अरबीच म्हटली जाते. इमाम अबू हनीफा यांनी फारसीत पठणाची मुभा दिल्याचे सांगितले जाते, पण पुढे त्यांनी ते मत मागे घेतल्याचीही परंपरा आहे. ख्रिस्ती धर्माची गोष्ट मुळातच निराळी आहे. येशू आरामाईक बोलत होते आणि शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत. त्यांचे मूळ उच्चार "तलीथा कूम", "एफ्फाथा" अशा मोजक्या ठिकाणी उरले आहेत. ज्या धर्माच्या संस्थापकाचे शब्द पहिल्याच पिढीत दुसऱ्या भाषेत गेले, त्याला अनुवादाची भीती कशी वाटणार?

दुसरी गोष्ट पाठभेदांची. कुराणाच्या बाबतीत पाठभेद हा शब्दच उच्चारला जात नाही, असा समज अनेक मुस्लिमांचाही असतो. तो अपुऱ्या माहितीतून येतो. किराअत, म्हणजे पठणाच्या मान्य परंपरा, दहा मानल्या जातात. त्यांतील सात इब्न मुजाहिद यांनी दहाव्या शतकात निश्चित केल्या. सूरा फातिहातील एक शब्द हफ्सच्या पठणात दीर्घ आकाराने "मालिक" असा, तर वर्शच्या पठणात ऱ्हस्वाने "मलिक" असा येतो: एका अर्थी निवाड्याच्या दिवसाचा स्वामी, दुसऱ्या अर्थी राजा. हफ्सचे पठण जगात बहुतेक ठिकाणी चालते, आणि १९२४ च्या कैरो आवृत्तीने ते आणखी रुजवले. वर्शचे पठण उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत आहे. परंपरा हे सर्व पठण प्रेषितांपर्यंत पोहोचते असे मानते, म्हणून तिला त्यात दोष दिसत नाही, संपत्ती दिसते. तिसरे खलिफा उस्मान यांनी अधिकृत प्रती तयार करवून बाकीच्या जाळण्याची आज्ञा दिली, हे बुखारींच्याच संग्रहात आहे. आम्ही ते लपवलेले नाही. सना येथील मोठ्या मशिदीत १९७२ मध्ये सापडलेल्या जुन्या चर्मपत्रांपैकी एकावर खोडलेल्या मजकुरावर पुन्हा लिहिलेले आहे, आणि खालच्या मजकुरात आजच्या पाठापेक्षा फरक आहेत. संशोधक त्यावर काम करतात. सामान्य मुस्लिमाला त्याने धक्का बसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कुराण चर्मपत्रावर अवलंबून कधीच नव्हते, ते हाफिजांच्या, म्हणजे संपूर्ण कुराण पाठ असणाऱ्यांच्या, मुखात होते.

तिसरी गोष्ट शब्दवेध यांच्यासाठी. परिस्थितीचा प्रश्न कुराणाला मुळीच लागू होत नाही, असे नाही. कोणती आयत (वचन) मक्केतील, कोणती मदीनेतील, कोणत्या प्रसंगी उतरली, याचा अभ्यास तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरील भाष्यांत, सतत होतो. त्याला अस्बाब अन-नुझूल म्हणतात. फरक एवढाच की आमच्या दृष्टीने प्रसंग हे आयतीचे निमित्त असते, उगम नसतो. पानगळ यांच्या मित्राने "ही सूरा कोणत्या प्रसंगी उतरली?" असे विचारले असते, तर मुस्लिम मित्राने तासभर उत्तर दिले असते.

शब्दवेध:

निमित्त आणि उगम हा भेद फार नेमका आहे. मी तो करायला हवा होता. एक पुरवणी जोडतो. या संदर्भात काही लेखक कुराणासाठी "अपौरुषेय" हा शब्द वापरतात. तो जपून वापरावा. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत याचा अर्थ त्यांना कोणीच कर्ता नाही, ईश्वरही नाही. कुराणाला वक्ता आहे, आणि त्या वक्त्याशी असलेले नाते हाच तर त्या श्रद्धेचा गाभा आहे.

पानगळ:

सर्वांचे आभार. आता दुसरा भाग विचारतो. "माझा विश्वास येशूवर आहे" हे वाक्य ऐकून मुस्लिम मित्र म्हणाला होता की ईमान म्हणजे कशाकशाला मान्यता द्यायची ते ठरलेले आहे, आणि ग्रंथ त्यात मोडतात. मग "विश्वास" आणि "ईमान" हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत का?

ऋजू:

शब्दांचे मूळ पाहिले तर दोन्ही आश्चर्यकारकरीत्या जवळ आहेत. नव्या करारातील ग्रीक शब्द पिस्तिस. त्यात भरवसा आणि निष्ठा या दोन्ही छटा आहेत. अरबी ईमान ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून सुरक्षितता आणि अमानत हे अर्थही येतात. मराठीत हा शब्द येऊन इतका रुळला की त्याचा धार्मिक अर्थ जवळजवळ गळाला आणि निष्ठेचा तेवढा उरला: आपण "इमानेइतबारे काम केले" म्हणतो, "बेइमान" म्हणतो, तेव्हा ईश्वराविषयी काहीच बोलत नसतो. मला वाटते, मराठीने उचललेली छटा मूळ शब्दाच्या अगदी आतली आहे.

वापरात मात्र दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी गेले. जिब्रईलची म्हणून ओळखली जाणारी हदीस प्रसिद्ध आहे. शुभ्र वस्त्रातील एक अनोळखी मनुष्य येऊन प्रेषितांना इस्लाम, ईमान आणि इहसान यांविषयी विचारतो. इस्लामच्या उत्तरात साक्ष, नमाज, जकात, रोजा आणि हज ही कृत्ये येतात. ईमानच्या उत्तरात अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि तकदीर येते. ग्रंथ हे स्वतंत्र कलम आहे, आणि ते बहुवचनी आहे. तौरात, जबूर आणि इंजील, म्हणजे अनुक्रमे मोशे, दावीद आणि येशू यांना दिलेले मानले जाणारे ग्रंथ, हेही त्यात येतात. मुस्लिम मित्र बरोबर बोलला. आणि पहिले पाच कलम कुराणातच, चौथ्या सूरेच्या १३६ व्या आयतीत, एकत्र आलेले आहेत.

पण ही निव्वळ मान्यतेची यादी आहे असे समजणे चूक ठरेल, कारण "मान्यता पुरेशी आहे का?" यावरच मुस्लिम समाजातला एक अत्यंत जुना वाद झाला. खारिजी म्हणत की घोर पाप करणारा मुसलमान ईमानाबाहेर गेला. मुरजिआ म्हणत की त्याचा निवाडा ईश्वरावर सोडावा, कृती म्हणजे ईमान नाही. हनफी परंपरेने मनाची मान्यता आणि वाणीची कबुली यांना ईमान मानले आणि ते वाढत किंवा घटत नाही असे म्हटले. हंबली आणि हदीसपंथी विद्वानांनी कृतीलाही ईमानात धरले आणि ते वाढते-घटते असे सांगितले. आयती ऐकून ईमान वाढते असे सांगणारी आठव्या सूरेची दुसरी आयत ते पुढे करतात. एकोणपन्नासाव्या सूरेत तर बदाऊंना, म्हणजे वाळवंटातील भटक्या अरबांना, स्पष्ट सांगितले आहे की तुम्ही ईमान आणले असे म्हणू नका, आम्ही शरण आलो एवढेच म्हणा, कारण ईमान अजून तुमच्या अंतःकरणात शिरलेले नाही.

आता ख्रिस्ती बाजू पाहा. पौल रोमकरांस पत्रात लिहितो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने अनुवादात "केवळ" हा शब्द तिथे घातला, आणि ग्रीकमध्ये तो नाही म्हणून त्याच्यावर टीका झाली. जर्मन भाषेच्या ओघात तो लागतोच, असे त्याचे उत्तर होते. याकोबाचे पत्र मात्र सांगते की मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही; देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. या शेवटच्या वाक्यावर हनफी आणि हंबली विद्वानांना रात्रभर वाद घालता आला असता. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चेसना या प्रश्नावर संयुक्त निवेदन काढायला १९९९ साल उजाडावे लागले.

तेव्हा माझे मत असे: विश्वास आणि कृती यांचे नाते हा दोन्हीकडे सारखाच गुंतागुंतीचा आणि सारखाच घरातला वाद आहे. वेगळेपण विश्वासाच्या रोखात आहे. ख्रिस्ती विश्वास एका व्यक्तीकडे वळतो आणि ग्रंथाला तिच्यामुळे मान देतो. मुस्लिम ईमान वाणीकडून वाणी देणाऱ्याकडे जाते, आणि प्रेषितांवरील अपार प्रेमही त्यांना पूजेचा विषय होऊ देत नाही.

दुर्बीण:

यातून निघणारी एक विषमता कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. मुस्लिमाला येशूच्या इंजीलवर ईमान ठेवणे आवश्यक आहे, पण ती इंजील ईसा यांना दिला गेलेला एक ग्रंथ आहे. ख्रिस्ती मनुष्याला असा ग्रंथ ठाऊकच नाही. त्याच्याकडे येशूविषयीची चार शुभवर्तमाने आहेत. म्हणून "तुमचा मूळ ग्रंथ कुठे आहे?" या प्रश्नाने तो गोंधळतो. आज हाती असलेल्या प्रतींविषयी मुस्लिम विद्वानांत एकमत नव्हते. अकराव्या शतकातील इब्न हझम यांनी मजकूरच बदलला गेल्याचे हिरिरीने मांडले, तर दुसऱ्या काहींनी शब्द बहुतांशी शाबूत असून अर्थ वाकवला गेल्याचे म्हटले. ख्रिस्ती बाजूला कुराणासाठी असे कोणतेच स्थान नाही, कारण ख्रिस्तानंतर नव्या सार्वजनिक प्रकटीकरणाची त्याला अपेक्षाच नाही. इतर धर्मांविषयीच्या १९६५ च्या व्हॅटिकन घोषणेत मुस्लिमांचा उल्लेख आदराने येतो, ते येशूला प्रेषित मानतात आणि मरियेचा सन्मान करतात हेही येते. कुराण किंवा मुहम्मद ही नावे त्यात येत नाहीत. एका बाजूने दुसऱ्याच्या ग्रंथाला आपल्या चौकटीत बसवून त्यावर आक्षेप घेतला आहे, दुसऱ्या बाजूने मौन पाळले आहे. मला दोन्हीपैकी अधिक सोयीचे मौन वाटते, अधिक प्रामाणिक आक्षेप.

पानगळ:

काल आमची पुढची बैठक झाली. अलिफ यांच्या सल्ल्याप्रमाणे ख्रिस्ती मित्राने ऐंशीवी सूरा कोणत्या प्रसंगी उतरली असे विचारले, आणि तासभर नाही तरी पाऊण तास उत्तर मिळाले. नंतर आम्ही योहान वाचला. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट, "जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा" ही, आमच्या प्रतीत तशाच कंसात होती, तशाच तळटीपेसह. मुस्लिम मित्राने या वेळी काही विचारले नाही. ख्रिस्ती मित्र मात्र बराच वेळ त्या कंसाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मार्कची बारा वचने गेली तर जाऊ देत. ही गोष्ट मी सोडणार नाही."

अथानासियसच्या यादीत त्या गोष्टीला कोठे जागा होती का, हे मी त्याला विचारणार होतो. विचारले नाही.